माझाच आकडा मला आडवा आला

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, बीड जिल्ह्यातला डोंगरपट्टा, नोकरीची आता शेवटची दोनेक वर्षं राहिलीत. शिक्षकाला शिकवणं सोडून काय काय करावं लागतं ही यादी सगळ्यांना पाठ आहे, निवडणूक, बीएलओ म्हणून मतदार यादीचं काम, कुठल्यातरी पोर्टलवर रात्री बारा वाजता माहिती भरा, त्यामुळे ते रडगाणं गात नाही. पण त्यातलं एक काम असं निघालं की ते केलं २०११ ला आणि त्याचा हिशोब अजून मिटलेला नाही.

२०१० ला तहसीलमधून ऑर्डर आली, जनगणनेचा प्रगणक म्हणून. ट्रेनिंग झालं, पिशवी मिळाली, ओळखपत्र मिळालं आणि माझ्याच शाळेच्या गावातला एक गट माझ्या नावावर लागला, अर्धं गाव आणि गावाला लागून असलेला बंजाऱ्यांचा तांडा. पहिला टप्पा घरयादीचा, मे-जून मधला. आधी नजरी नक्शा काढायचा, म्हणजे देऊळ कुठं, हापसा कुठं, रस्ता कसा वळतो, मग घरांना नंबर टाकत फिरायचं. नंतर ३५ प्रश्न. भिंत कशाची, छत कशाचं, पाणी कुठून आणता, संडास आहे का, रेडिओ-टीव्ही-मोबाइल काय काय आहे, बँकेत खातं आहे का आणि घरात माणसं किती राहतात.

मे महिन्यात आमच्याकडं गाव कसं असतं हे ज्यानं बघितलंय त्यालाच कळेल. पट्टा पडलेला असतो, म्हणजे कारखान्यांचा हंगाम संपलेला, ऊसतोडीला गेलेल्या सगळ्या टोळ्या परत आलेल्या, लग्नसराई, दारोदार मांडव, पोरं बोअरवर आंघोळी करतायत, तांड्यात एक घर रिकामं नाही. माझ्या गटात १२८ कुटुंबं भरली. दर घरी चहा, नको म्हटलं तर राग, शेवटी मी दिवसाला तीन घरचाच घ्यायचा असं ठरवलं आणि तेही कुणी पाळू दिलं नाही.

दुसरा टप्पा, खरी मोजणी, ९ ते २८ फेब्रुवारी २०११.

फेब्रुवारीत मी तोच नक्शा घेऊन तोच तांडा फिरलो तर ४७ घरांना कुलूप. मला हे माहीत नव्हतं असं नाही, माझ्या वर्गातलीच निम्मी पोरं दिवाळीनंतर गायब होतात, पण हजेरीपटावर गैरहजर मांडणं वेगळं आणि देशाच्या कागदावर घर बंद लिहिणं वेगळं. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, उचल म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे घेतलेली, टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या ट्रकमधे भांडी-कुंडी, शेळी आणि लहान लेकरं टाकून ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे गेलेले ते कोल्हापूर, सांगली, सातारा, काही कर्नाटकात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेसाठी आजीजवळ ठेवलेली मोठी पोरं.

नियम ट्रेनिंगमधे तीनदा सांगितला होता. माणूस इथं कायम राहत असेल आणि ९ ते २८ मधे एखादा दिवस जरी इथं असेल किंवा २८ च्या आत परत येणार असेल तर इथं लिहायचा. पण पूर्ण काळ बाहेर असेल तर इथं लिहायचाच नाही, तो जिथं असेल तिथला प्रगणक लिहील. नियम चुकीचा आहे असं मी तेव्हाही म्हटलं नाही आणि आताही म्हणत नाही, एक माणूस दोनदा मोजला जाऊ नये तर कुठंतरी रेघ मारावीच लागते. पण ती रेघ तांड्यातल्या एका आजीला समजावताना माझी काय हालत झाली ते मला आजही आठवतं. दारात गोवऱ्या रचत बसली होती. मी विचारलं, घरात कोण कोण? तिनं बोटं मोजत सांगायला सुरुवात केली, थोरला, त्याची बायको, धाकटा, त्याची बायको, तीन लेकरं. म्हटलं, याडी, आत्ता कुठं आहेत? म्हणाली, कारखान्याला. महिन्याभरात येणारेत का? पाडव्याच्या सुमाराला येतील. म्हटलं मग ते नाही लिहिता येणार, ते तिकडं लिहितील. ती बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, उन्हाळ्यात आलतात तवा समदी लिहिली व्हती की. आता मी एकलीच ऱ्हायले का?"

लिहिलं मग. कुटुंबात माणसं एक. पुढचे रकाने भरले, वय अंदाजे, मातृभाषा, शिक्षण निरक्षर, किती लेकरं झाली, किती जिवंत. २९ प्रश्न होते त्या फॉर्मात. फॉर्म दुमडायचा नाही, आकडा चौकोनाच्या बाहेर जाऊ द्यायचा नाही कारण तो मशीन वाचणार होतं, त्यामुळे तो एकचा आकडा मी फार सांभाळून काढला होता.

त्याच आठवड्यात साडूचा फोन. तो कोल्हापूर जिल्ह्यात शिक्षक, त्यालाही प्रगणक केलेलं. त्याच्या गटात उसाचा फड आला आणि फडाच्या कडेला आमच्या भागातल्या टोळीच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या. तो कोप्यांना नंबर टाकत फिरत होता. हसत म्हणाला, "अहो तुमची माणसं माझ्याकडं आहेत, विचारलं कुठली तर तुमचाच तालुका सांगतायत." मी पण हसलो, म्हटलं नीट लिही बाबा, जन्मठिकाण आणि मागचं राहण्याचं ठिकाण विचारायचं असतं. तेव्हा आम्हाला दोघांनाही ही गंमतच वाटली.

२८ च्या रात्री एसटी स्टँडवर बेघर माणसांची नोंद, १ ते ५ मार्च उजळणी फेरी, मधल्या काळात जन्मलेलं मेलेलं कोण ते दुरुस्त केलं, फॉर्म जमा केले, मानधन उशिरा का होईना आलं. विषय संपला असं वाटलं.

पहिला झटका आम्हाला सगळ्या जिल्ह्यालाच बसला. ० ते ६ वयातल्या हजार मुलग्यांमागं मुली किती हा आकडा आला, बीड ८०७, दहा वर्षांपूर्वी हाच ८९४ होता. राज्यातला सगळ्यात खालचा. त्यानंतर पेपरात काय आलं, सोनोग्राफी सेंटरांची तपासणी कशी लागली ते सगळ्यांना आठवत असेल. आमच्या शाळेच्या भिंतीवर पण बेटीचं चित्र आणि घोषवाक्य रंगवून घ्या असा आदेश आला. शाळेत बसून आम्ही शिक्षक एकमेकांना विचारायचो, तुझ्या गटात मुली किती होत्या रे? कुणाला पाठ नव्हतं. आपण घरोघरी जे टिकमार्क केले त्याची बेरीज इतकी बोचरी निघेल हे फॉर्म भरताना लक्षात येत नाही.

मग रेशन. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा, आपल्याकडं फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. राज्यात किती माणसांना स्वस्त धान्य द्यायचं तो इष्टांक २०११ च्या लोकसंख्येवर ठरला, ७ कोटी १६ हजार, तो जिल्ह्यांना, तालुक्यांना वाटून दिला. आता घरात सून आली, नातू झाला, तर नाव वाढवायला जा, उत्तर ठरलेलं, "इष्टांक शिल्लक नाही." कुणी मेलं किंवा कुणाचं नाव कमी झालं तर जागा होणार. मी माझ्या एका विद्यार्थ्याच्या बापाबरोबर तीनदा त्या खिडकीवर गेलोय. त्याला इष्टांक म्हणजे काय ते मी समजावलं तर तो म्हणाला, म्हणजे गुरुजी एसटीच्या शिटासारखं, उतरला तर बसायचं. याच्यापेक्षा चांगली व्याख्या मला अजून सुचलेली नाही.

एवढं होऊनही माझ्या डोक्यात स्वतःच्या फॉर्मांचा संबंध जुळला नव्हता. तो जुळला उपकेंद्राच्या प्रस्तावात.

झालं असं, आमचं गाव आणि शेजारच्या दोन वाड्या मिळून एक आरोग्य उपकेंद्र पाहिजे अशी मागणी जुनीच. नर्सबाई महिन्यातून एकदा लसीकरणाला येतात, बाकी सर्दी-तापापासून बाळंतपणापर्यंत सगळ्याला १४ किलोमीटरवरचं प्राथमिक आरोग्य केंद्र, तेही जीप मिळाली तर. २०२३ च्या ग्रामसभेत ठराव झाला आणि प्रस्ताव लिहायचं काम साहजिकच माझ्याकडं आलं, कारण गावात मराठी टायपिंग येणारा रिकामटेकडा मीच. मी मन लावून लिहिलं. अंतरं, गरोदर बायांची संख्या, पावसाळ्यात नदीला पाणी आलं की रस्ता बंद होतो त्याचे फोटो, ऊसतोड मजुरांची ग्रामसेवकानं केलेली नोंदणी, मतदार यादी, शाळेचा पट, सगळं जोडलं. बाड घेऊन सरपंच आणि मी ऑफिसात गेलो.

तिथल्या साहेबांनी बाड चाळलं पण नाही. पहिला प्रश्न, "२०११ ची लोकसंख्या किती?" निकष असा की मैदानी भागात ५००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि डोंगरी किंवा आदिवासी भागात ३००० ला. आम्ही डोंगरी म्हणून मागत होतो. मी म्हटलं मतदार यादी बघा साहेब, तिन्ही गावं मिळून नुसते मतदारच किती आहेत. ते शांतपणे म्हणाले, सर, मतदार यादी चालत नाही, आधार चालत नाही, तुमचा पट चालत नाही. दवाखाने कुठं द्यायचे तो बृहत आराखडा जनगणनेवर असतो. जनगणनेचा उतारा लावा.

बरं. घरी येऊन पोरीच्या लॅपटॉपवर जनगणनेची साइट उघडली. ज्याला लागेल त्याच्यासाठी सांगतो, गावनिहाय आकडे तिथं फुकट मिळतात, एक्सेलची फाइल असते, प्रत्येक महसुली गावाला सहा आकडी कोड असतो, आणि शिवाय जिल्हा जनगणना पुस्तिका म्हणून एक जाडजूड पीडीएफ असते. त्यात एक गोष्ट मला फार कामाची सापडली. प्रत्येक गावासमोर कुठली सोय गावात आहे आणि नसेल तर किती लांब ते दिलेलं असतं, ५ किलोमीटरच्या आत असेल तर ए, ५ ते १० असेल तर बी, १० च्या वर असेल तर सी. दवाखान्याच्या ओळीत आमच्या गावापुढं सी सी सी. मी म्हटलं वा, सरकारी पुस्तकच सांगतंय की दवाखाना लांब आहे.

तांड्याचा वेगळा आकडा मात्र कुठंच नाही. आकडे महसुली गावाचे, तांडा, वस्ती, मळा सगळं त्याच्या पोटात. गावाचा आकडा १४४६. वाड्यांचे ८१२ आणि ६३१. बेरीज केली. २८८९.

परत केली, मोबाइलवर. २८८९. ३००० ला १११ कमी.

रात्री झोप लागेना म्हणून कपाटातली जुनी फाइल काढली. त्यात नजरी नक्शाची माझी कच्ची प्रत अजून होती, पेन्सिलनं काढलेली, आणि तांड्यातल्या घरांवर मी तेव्हा स्वतःच्या सोयीसाठी बारीक फुल्या मारल्या होत्या, घर बंद म्हणून. मोजल्या. ४७. घरटी पाच माणसं धरली तरी २३५. म्हणजे एकट्या माझ्या गटातली कुलपं उघडी असती तरी उपकेंद्र बसत होतं. आणि १५०० चा टप्पा पण आठवला, ग्रामपंचायतीत १५०० पर्यंत ७ सदस्य आणि त्याच्या वर गेलं की ९. आम्ही १४४६ वर अडकलोय, म्हणून सात. तांड्याला इतकी वर्षं एकच मेंबर का मिळतो यावर पारावर किती भांडणं ऐकलीत मी, आणि उत्तर माझ्या कपाटात.

पुढच्या खेपेला ऑफिसात उतारा दिला. साहेबांनी बेरीज बघितली, मान हलवली. मी सगळी ऊसतोडीची हकीकत सांगितली, मे मधे माणसं होती, फेब्रुवारीत नव्हती. ते ऐकून घेत होते, माणूस वाईट नव्हता, चहा पण मागवला. मग सहज म्हणाले, "पण मग प्रगणकानं तेव्हा बघायला नको का? कोण होतं तुमच्या गावाला?"

सरपंचानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, मीच होतो.

त्यांना हसू आवरेना. मला पण आलं हसू, काय करता. मी म्हटलं नियमानंच लिहिलंय साहेब, एक माणूस इकडचा तिकडं नाही. त्यावर ते म्हणाले, तेच तर, नियमानं लिहिलंय म्हणून आता काही करता येत नाही.

मी तिथंही थांबलो नाही, माझाच फॉर्म काढून दाखवता येईल का याची चौकशी केली. नाही येत. १९४८ चा जनगणना कायदा आहे, त्याच्या कलम १५ प्रमाणे भरलेले फॉर्म कुणालाही बघायला मिळत नाहीत, कोर्टात पुरावा म्हणून सुद्धा चालत नाहीत. हे चांगलंच आहे म्हणा, लोक आपल्याला घरातलं सगळं सांगतात ते त्याच भरवशावर, मी स्वतः दारोदार सांगितलंय की तुमची माहिती कुणाला दिसणार नाही. फक्त ते वाक्य माझ्यावरच उलटेल असं वाटलं नव्हतं. प्रस्ताव शेरा मारून परत आला, निकषात बसत नाही. फाइल ग्रामपंचायतीत आहे.

त्या दिवसापासून मला एक खोडच लागली, कुठं काही अडलं की त्याच्या मागं २०११ आहे का बघायची. पंधराव्या वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून ग्रामपंचायतीला येणारा मार्च २०२६ पर्यंतचा निधी घ्या. वाटपात लोकसंख्येला ९० टक्के वजन आणि क्षेत्रफळाला १०, म्हणजे मोजलेलं प्रत्येक डोकं दरवर्षी थोडे थोडे पैसे आणायचं, आणि त्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेले. आमची ४७ घरं पावसाळा आणि उन्हाळा इथलं पाणी पितात आणि त्यांच्या नावाचा पैसा पडला साडूच्या गावाच्या खात्यात, जिथं एप्रिलमधे कोप्यांची राख पण राहत नाही. साडूला मी दिवाळीत म्हटलं, तुमच्या गटारीतली दोन फूट आमची आहे. तो म्हणाला, घेऊन जा. पण खरं सांगायचं तर त्याचंही बरोबर आहे, पाच-सहा महिने ती माणसं तिथंच असतात, तिथल्याच हापशावर पाणी भरतात, आजारी पडली तर तिथल्याच दवाखान्यात जातात.

स्वतःच्या पगाराच्या स्लिपमधे पण सापडलं. घरभाडे भत्ता, शहर मोठं तसा भत्ता जास्त, ५० लाखाच्या वर असेल तर एक्स, ५ लाखाच्या वर वाय, बाकी सगळे झेड. आम्ही अर्थात झेड. जावई संभाजीनगरला आहे, तो वाय. हे पण जनगणनेवरच. बायको म्हणाली आता किराणा मालात पण जनगणना शोधा.

एक ठिकाण मात्र असं सापडलं जिथं २०११ चालत नाही, आणि ते म्हणजे शाळा. पोषण आहाराचा तांदूळ हजेरीवर, शिक्षकांची पदं पटावर, तोही आधार जुळलेला पट. परवा वर्गात सहज लक्षात आलं, पहिली ते चौथी, समोर बसलेली सगळी पोरं २०११ नंतर जन्मलेली. शाळेच्या कागदावर आहेत, आधारवर आहेत, लसीच्या कार्डावर आहेत. पण गावाची लोकसंख्या किती असं कुठल्याही ऑफिसात विचारलं की जो १४४६ सांगावा लागतो त्यात यांच्यातलं एकही नाही. आणि ती आजी आहे त्यात. ती वारली त्याला आता सात वर्षं झाली.

२०२१ ची जनगणना कोरोनात गेली ती गेलीच. मग जून २०२५ ला अधिसूचना निघाली, आता नवी, संदर्भ तारीख १ मार्च २०२७. यावेळी मोबाइल ॲप, जात पण विचारणार, लोकांना स्वतःची माहिती स्वतः भरायची पण सोय. घरयादीसाठी २०२६ च्या एप्रिल ते सप्टेंबर मधले ३० दिवस. आणि मोजणी फेब्रुवारी २०२७.

फेब्रुवारी वाचलं आणि मी पेपर खाली ठेवला.

बर्फाच्या भागासाठी तारीख वेगळी ठेवलीय, लडाख आणि हिमाचल-उत्तराखंडकडचा बर्फाळ पट्टा वगैरे, तिथं १ ऑक्टोबर २०२६, कारण फेब्रुवारीत तिथं पोचता येत नाही. बरोबरच आहे. आमच्याकडं पोचायला काही अडचण नाही, फक्त माणसं नसतात.

आमच्या शाळेत नवीन आलेले एक तरुण सर आहेत, ॲप वगैरे त्यांना चटकन जमतं, ते म्हणतात मला गाव दाखवा एकदा, म्हणून मी तो जुना नजरी नक्शा त्यांना दिलाय, फुल्यांसकट. आणि तांड्यातल्या मुकादमाला बोलावून सगळं सांगितलं, नियम तोच राहिला तर मोजणीच्या काळात एखादा दिवस जरी माणूस इथं घरी असला तरी तो इथला धरतात. खोटं काही नाही त्यात, घर त्यांचं इथलंच आहे. मुकादम हिशोबाला पक्का. त्यानं तिथंच जमिनीवर काडीनं आकडे मांडले. एवढे कोयते, जायला एक दिवस, यायला एक दिवस, राहायचा एक, तीन दिवसाची तोड बुडाली, ट्रकचं डिझेल वेगळं, वर कारखान्याचा माणूस बोंबलणार की टोळी फड सोडून गेली.

मग काडी टाकून म्हणाला, "गुरुजी, बसल ते उपकेंद्र. पण ह्या तीन दिसाचं पैसं कुणाच्या उचलीत धरायचं?"

मी अजून त्याला काही सांगितलेलं नाही. उसाच्या टोळ्या गेल्या की फोन करीन म्हणालोय.